उद्या आणणे

जानेफळात ऋतू बदलला हे कळायला आभाळाकडे बघावं लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात कोणत्या रंगाचा कागद संपलाय तेवढं विचारावं. निळा संपला की पावसाळा. केशरी आणि हिरवा एकदमच संपले की 15 ऑगस्ट. चकाकीचा कागद मिळेनासा झाला की राखीपौर्णिमा. आणि औषधाच्या दुकानातला कापूससुद्धा संपला, तर समजावं की नाताळ जवळ आलाय आणि कुठल्यातरी पहिलीच्या वर्गात बर्फ पडणार आहे.

ही विद्या मला पुस्तकातून मिळालेली नाही. मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात एक स्टेशनरीचं दुकान आहे आणि त्याच्यापुढे एक बाक आहे. दुकान मित्राचं, बाक माझा. रात्री साडेआठपर्यंत तिथं सामसूम असते. फार तर कुणी खोडरबर घेऊन जातं. साडेआठला पालकांच्या ग्रुपवर संदेश पडतो आणि पावणेनऊला दुकानापुढे मोटरसायकली लागतात. संदेशाची भाषा वर्षानुवर्षं तीच : "उद्या येताना प्रत्येकाने एक पिवळे कार्डशीट, टिकल्यांचे पाकीट, 12 आइस्क्रीम काड्या व फेविकॉल आणणे."

"भाऊ, त्या काड्या हायेत का?"

"संपल्या."

"आतालोक तं होत्या म्हणे!"

"तुमचे शेजारी घेऊन गेले ना. दोन पाकिटं होते, दोन्ही नेले."

"मंग आता?"

"समोर कुल्फी भेटते."

तो माणूस खरंच समोर गेला. दिवस जानेवारीचे. पोरीच्या झोपडीला काड्या 12 लागत होत्या आणि घरात माणसं चार, म्हणजे भागाकार सोपा होता. दुसऱ्या दिवशी झोपडी वेळेवर शाळेत पोचली. पोरगी घसा बसून घरी राहिली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायची हौस जुनीच. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट ठेवून भोवती धान्यं मांडतात, पापड-करंजी ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागचा हलला ते बघून पाऊसपाणी आणि पीक सांगतात : अमुक जोरात, तमुक साधारण, फलाणं मोघम. आमचा दुकानदार त्याच सुमारास ठोक माल भरायला खामगावला जातो आणि परत आल्यावर बाकावर त्याची मांडणी सुरू होते. "यंदा तिरंगी रिबीन जोरात. क्रेप साधारण. थर्माकोल मोघम." मोघम अशासाठी, की 2018 च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलही सापडलं, पण त्याच्याशिवाय प्रदर्शनातला रायगड उभा राहत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक. भेंडवळच्या भाकितावर दरवर्षी वाद होतात. दुकानदाराच्या भाकितावर झालेला मी पाहिला नाही. पाऊस पडो न पडो, 'पावसाळा' हा उपक्रम होतोच.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. उघडल्या की निळ्या कार्डशीटवर कापसाचे ढग, पांढऱ्या दोऱ्याच्या सरी आणि घडीकामाची छत्री. एका वर्षी पेरण्या झाल्या आणि पावसानं दडी मारली. सोयाबीनचे कोंब जागीच करपले. वर्गाच्या भिंतीवर मात्र ढगच ढग. दुबार पेरणीच्या बियाण्याची तजवीज करत फिरणारा एक बाप पोराला न्यायला आला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"मॅडम, यातला एखांदा ढग आमच्या वावरात लावता येईन का?"

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "फोटो वर पाठवल्याशिवाय भिंतीवरून काही काढता येत नाही."

पावसाळ्यापाठोपाठ दिंडी. आषाढीला पहिली-दुसरीतले विठ्ठल कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभे राहतात आणि दहा मिनिटांत एक हात कमरेवरून नाकात जातो. कापसाची दाढी लावलेले वारकरी असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली असतात, शाळेला एक फेरी होते आणि शिरा मिळतो. गंमत पुढेच आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्याकडून जात नाही. परतताना मात्र लोणार, मेहकर करत जानेफळला येते. म्हणजे खरी दिंडी गावात येते तेव्हा शाळेतल्या दिंडीचे फोटो कधीच जुने झालेले असतात. रस्त्याच्या कडेला आजोबांचं बोट धरून उभा असलेला एक माजी वारकरी, वय वर्षं सहा, पायाला फडकं बांधून चाललेल्या एका म्हाताऱ्याकडे निरखून बघत होता. मग त्यानं विचारलं, "आबा, याची दाढी चिकटवेल हाय का?"

पोळ्याच्या वेळी मात्र मला शाळेचा थोडा राग येतो, तो लपवत नाही. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. त्याच्या आधी दोन-चार दिवस पोरांनी नाल्यावरून चिकण माती आणायची, मळायची, तिचे बैल करायचे, शिंगांना बाभळीचे काटे खोचायचे, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं आणि तपासायलाही कुणी येत नव्हतं. बैल बसका झाला तर पोरगं म्हणायचं, बसलेलाच केलाय. आता 'मातकाम' नावाखाली रंगीत क्लेचं पाकीट आणणे. त्यामुळे बैल हिरवा, शिंगं जांभळी आणि वशिंड गुलाबी. पाकिटातला पांढरा रंग पहिल्या दिवशीच संपतो, कारण सगळ्यांनाच खिल्लारी हवा असतो.

एका तिसरीतल्या पोरानं पाकीट आणलंच नाही. त्यानं घरून काळी माती आणली आणि तासाभरात ट्रॅक्टर केला. मागची चाकं मोठी, पुढची लहान, सायलेन्सर उभा, मागं ट्रॉली आणि ट्रॉलीला जोडायला तारेचा हूक. ट्रॉली सुटायची आणि परत लागायची. गुरुजींनी विचारलं, "अरे, विषय काय होता?"

"बैल."

"मग हे काय?"

"आमच्या घरी बैल नाही ना सर आता. बाबानं पोळ्याले यालेच हार घातला होता."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. गावोगावी पोळ्याला ट्रॅक्टर धुतात, त्याच्या तोंडाला शेंदूर लावतात आणि पुरणपोळी मात्र स्वतः खातात. अडचण एवढीच होती की टेबलावर 'आमचा सर्जा-राजा' अशी पाटी आधीच लागलेली होती. हिरवे बैल पाटीमागे ओळीनं उभे राहिले आणि ट्रॅक्टर टेबलाखाली गेला. मधल्या सुट्टीत सगळी पोरं टेबलाखाली होती.

यावर गुरुजींना नोंद लिहावी लागते, आणि ते काम बैल करण्याहून अवघड आहे. 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं आली, अ-1, अ-2 अशा श्रेणी आल्या आणि प्रत्येक लेकरामागं वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तमच होती. लेकराला नापास म्हणण्यापेक्षा त्याच्याकडे नीट बघा, असं ती सांगत होती. पण पन्नास लेकरांकडे बघून पन्नास वेगळी वाक्यं लिहायची, म्हणजे गुरुजींमध्ये कादंबरीकार असायला हवा. त्यामुळे 'कागदकामात रस घेतो', 'चिकटकाम सफाईने करतो' आणि 'टाकाऊ वस्तूंचा उपयोग सांगतो' ही तीन वाक्यं सगळ्या महाराष्ट्राला पुरतात. ट्रॅक्टरवाल्याच्या नावापुढं गुरुजींनी बराच विचार करून लिहिलं : 'सूचनांचे पालन करताना साहाय्याची गरज भासते.'

मूल्यमापन नेमकं कुणाचं होतं हा प्रश्न मी विचारणार होतो, पण दुकानावर आलेल्या एका बाईंनी तो परस्पर सोडवला. त्या शेजारणीला सांगत होत्या, "पाय ना, म्या रात्री बारा वाजेलोक जागून आकाशकंदील केला तं मले अ-दोन. आन् तिच्या नवऱ्यानं मेहकरातून इकत आणला, त्याले अ-एक!" हे सगळं पोरांसमोर चाललं होतं आणि पोरं शांतपणे गोळ्या चघळत होती. या भानगडीशी आपला संबंध नाही, हे त्यांना केव्हाच कळलेलं आहे. घरातला दिवा रात्री दहा वाजता जळत असेल, बाप फरशीवर पालथा पडून कातरकाम करत असेल, आई कात्री शोधत असेल आणि आजी "पिठाची खळ करू का?" असं विचारत असेल, तर घरातलं सगळ्यांत मोकळं माणूस म्हणजे ज्याचा तो प्रकल्प आहे ते. ते झोपलेलं असतं.

गांधीजींना हे दिसलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. कारण हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आमच्या विदर्भातूनच देशभर गेली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, नई तालीमचा विचार तिथं मांडला गेला आणि पुढे झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम बेतला. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतून गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा, असं ते होतं. गांधीजींची आणखी एक अपेक्षा होती : मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांच्या पगाराचा भार उचलला जावा. हे मी दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्यानं गल्ल्यावरचा हात न काढता विचार केला. आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, बांगड्यांचं तोरण आणि लोकरीचं पिल्लू यांवर आमच्या गुरुजींचा पगार काढायचा म्हटलं तर गुरुजींना कुल्फीसुद्धा परवडणार नाही. पण शालेय हस्तव्यवसायावर एक घर मात्र चालतं, हे दुकानदारानं स्वतःहून कबूल केलं. महात्म्याचा हिशोब बरोबरच होता. पैसे फक्त दुसऱ्या गल्ल्यात गेले.

वर्ध्यानंतर आठ वर्षांनी, 1945 साली, ताराबाई मोडकांनी समुद्राकाठी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथं साहित्य म्हणजे शंखशिंपले, बिया, पानं, गोटे, जे पायाखाली असेल ते. आता गोट्यांचं पाकीट घरपोच येतं. आमच्या गावाला दगडांची टंचाई कधी झाली होती असं मला आठवत नाही. तरी 'गुळगुळीत खडे, 20 नग' असं लिहिलेलं एक पाकीट मी या बाकावरून बघितलं आहे. ज्याच्या घरी ते आलं त्याचा बाप दिवसभर वावरातली गोटाळी वेचून आला होता.

'टाकाऊपासून टिकाऊ' हा तर बारमाही ऋतू. तो कधीही येतो आणि त्याच्यासाठी आधी टाकाऊ विकत घ्यावं लागतं. थंड पेयाची मोकळी बाटली आणणे, म्हणजे भरलेली आणून रिकामी करणे. बुटाचं खोकं आणणे, म्हणजे बूट घेणे. एका आजीला नातवानं जुने मोजे मागितले. तिनं हयातभर मोजे घातलेले नव्हते. तिनं आठवडी बाजारातून नवे आणले, दगडावर घासले आणि जुने करून दिले. त्या मोज्याचा ससा झाला. ससा तिसऱ्या दिवशी फाटला. मोजे दोन हिवाळे सहज निघाले असते.

भुलाबाईत मात्र पोरींना कुणी काही आणायला सांगत नसे. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, आणि रोज संध्याकाळी या घरून त्या घरी गाणी. शेवटी खिरापत ओळखायची. बंद डबा कानाशी हलवायचा आणि आतला खाऊ सांगायचा. पूर्वीच्या आया असे पदार्थ करायच्या की पोरी अर्धा तास अडून बसत. आता शाळेतही भुलाबाईचा कार्यक्रम होतो, नऊवाऱ्या नेसून, स्पीकर लावून. गेल्या खेपेला डबा हलवायच्या आतच मागून आवाज आला, "कुरकुरे!" आवाजावरून नाही, वासावरून. बाईंनी डबा उघडला, कुरकुरेच होते. फोटो मात्र डबा बंद असतानाचा घ्यायचा म्हणून तो परत लावला, परत हलवला आणि पोरींना "ओळखता येत नाही असे चेहरे करा" असं सांगितलं. त्या अभिनयाला अ-1 द्यायला हवी होती.

डिसेंबरचा किस्सा तर सांगायलाच हवा. इंग्रजी माध्यमाच्या एका पहिलीच्या वर्गाला हिमपुरुष करायचा होता : दोन गोल, गाजराचं नाक, गळ्यात मफलर. कापूस आणणे. आता कापूस आणणे हा निरोप विदर्भात घेऊन यायचा, तोही डिसेंबरात! भाव वाढेल या आशेवर कित्येक घरांत कापूस आढ्यापर्यंत भरलेला असतो. माणसं त्याच्या कडेनं झोपतात आणि रात्रभर अंग खाजवतात. औषधाच्या दुकानातली पुडी संपली होती, म्हणून पोर आजोबांकडे गेलं. आजोबांनी खोलीकडे बोट केलं. "ने लागल तेवढा. तसाबी कोण घेऊन राहिला त्याले."

पोरानं पिशवी भरून नेला, आणि अर्ध्या वर्गानं त्याच्यातून घेतला. घरचा कापूस म्हणजे सरकीसकट. सगळ्या हिमपुरुषांच्या अंगावर काळे ठिपके उमटले. टीचरनी विचारलं, "हे डाग कशाचे?" पोरगं म्हणालं, "बी हाय टीचर. पेरलं तं उगते." थोड्या वेळानं वर्ग खाजवू लागला. मफलर घातलेले हिमपुरुष, खाजवणारी चाळीस पोरं आणि बाहेर दुपारचं ऊन. मग टीचरनी बर्फ म्हणजे काय ते समजावून सांगितलं : आभाळातून पडतो, पांढरा असतो, सगळीकडे पसरतो, मुलं आनंदानं बाहेर धावतात. एका पोरीनं हात वर केला. "टीचर, मंग तलाठी येते का?" आमच्याकडे आभाळातून बर्फ एकदाच पडतो, हरभरा-गहू उभे असताना, आणि त्यानंतर पंचनामा होतो. तिनं चित्रात हिमपुरुषाशेजारी वही घेतलेला तलाठी काढला. त्यालाही गाजराचं नाक होतं.

जानेवारी धावतपळत जातो. 3 तारखेला सावित्रीबाई, 12 तारखेला जिजाऊ. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे त्या दिवशी उत्साह दुप्पट. घरात लहान मापाची नऊवारी एकच असते, ती नऊ दिवसांत दोन थोर बायकांच्या अंगावर फिरते आणि मधल्या वेळात मामेबहिणीकडे जाऊन येते. संक्रांतीचे पतंग, 26 जानेवारीचे तिरंगे, मग होळी. होळीला माळावर पळस असा पेटलेला असतो की फुलं उकळली तर गावभर रंग खेळता येईल. त्याच आठवड्यात निरोप येतो : 'नैसर्गिक रंग' या विषयावर तक्ता करून आणणे. तक्ता स्केचपेननं रंगवतात. पळसाचं फूल तर हुबेहूब जमावं म्हणून केशरी स्केचपेन खास मागवावं लागतं, आणि दुकानदार दोन महिने आधीच ते मागवून ठेवतो.

या सगळ्याच्या शेवटी फोटो असतो, हे एव्हाना लक्षात आलं असेल. साधा फोटो चालत नाही. त्यावर अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटवणारा कॅमेरा लागतो. एकदा रेंज नव्हती म्हणून राखी बांधणाऱ्या मुली आणि बांधून घेणारे पोलीस ठाण्याच्या दारात तसेच ताटकळले, रेंज आली तशी राखी पुन्हा बांधली. 2024 पासून 'आनंददायी शनिवार' आला. त्या दिवशी मुलांनी आनंदी राहायचं असतं आणि तसा पुरावा पाठवायचा असतो. गुरुजी बिचारे काय करणार? त्यांनाही वरून निरोप येतोच, आणि तो रात्री साडेआठलाच येतो. एकदा मला ते म्हणाले, "भाऊ, आमचाबी ग्रुप आहे. तिथंबी 'उद्या पाठवणे' असतंय."

एप्रिलच्या शेवटी शाळेनं कपाट आवरायला काढलं. वर्षभराचे ऋतू एकावर एक रचलेले होते : ढग, बैल, कंदील, हिमपुरुष, पेनस्टँड, खोक्यांची घरं. तळाशी ट्रॅक्टर सापडला, ट्रॉली कुणीतरी नेलेली होती. भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं एकेक वस्तू उलटीपालटी करून बघितली आणि हात झटकले.

"गुरुजी, पुठ्ठा नुसता असता तं किलोवर घेतला असता. याले तुम्ही फेविकॉल लावलं, चमकी लावली, टिकल्या लावल्या. आता हा कामाचा नाही."

"अरे, बाटल्या तरी घे."

"बाटल्याईत माती हाय, झाडं लावेल हायेत. रिकाम्या करून द्या, मंग पाहू."

गुरुजींनी बाटल्या रिकाम्या करायला पोरं बसवली, वजनकाटा मधोमध घेतला, भंगारवाल्याला जरा बाजूला सरकवलं आणि खिशातून मोबाइल काढला. स्वच्छतेचा फोटो पाठवायचा राहिला होता.